राउटरची रोजकीर्द आणि तिच्या तीव्रता-पातळ्या : कीड-सर्वेक्षकांसाठी वाचनपाठ

प्रकाश सापळ्याच्या रकान्यात एखाद्या रात्री शून्य दिसले, तर त्याचा अर्थ काय घ्यावा? सापळा मनुष्य रोज सकाळी रिकामा करीत असे, त्या काळी हा प्रश्न फारसा अवघड नव्हता. मोजणाऱ्याने सापळा डोळ्यांनी पाहिलेला असे. दिवा गेलेला असेल तर तो तसे लिहीत असे. आता अनेक ठिकाणी कॅमेरा लावलेले सापळे आणि स्वयंचलित हवामान केंद्रे शेतातून आपापली नोंद थेट पाठवितात, आणि ती नोंद पंपघराच्या भिंतीवर टांगलेल्या एका लहानशा राउटरमधून पुढे जाते. पोर्टलवर दिसणारे शून्य कीड नसल्याचे आहे, सापळा विझल्याचे आहे, की राउटर मुका झाल्याचे आहे, हे पोर्टल सांगत नाही. ते सांगणारी नोंद दुसरीकडे असते. तिला लॉग म्हणतात. आपल्या दफ्तरी परंपरेतील शब्द वापरायचा तर ती राउटरची रोजकीर्द होय : कोणत्या घटकेस काय घडले, याची ओळीओळीने केलेली टिपण.

ही रोजकीर्द संगणक-तंत्रज्ञांनीच वाचावी असा समज आहे. माझे मत वेगळे आहे. ज्याला कीटकांच्या संख्येवरून फवारणीचा सल्ला द्यावयाचा आहे, त्याला ती संख्या ज्या वाटेने आली त्या वाटेची नोंद वाचता आली पाहिजे. सुदैवाने या वाचनासाठी लागणारी दृष्टी आपल्यापाशी आधीच आहे. कारण 'आर्थिक नुकसानीची पातळी' हा शब्दप्रयोग आपण रोज वापरतो, आणि राउटरच्या संदेशांतील तीव्रता-पातळी ही त्याचीच चुलत बहीण आहे. दोघींमधील साम्य उपयोगाचे आहे. फरक त्याहून अधिक उपयोगाचा आहे.

उदाहरणाचे गाव

या पाठासाठी उदाहरण कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तिरुनीलक्कुडीचे घेतले आहे. कुंभकोणमच्या पूर्वेकडील हे गाव नीलकंठेश्वराच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असून तेथील शिवलिंगास तिळाच्या तेलाचा अभिषेक होतो. मराठी वाचकाला हा मुलूख सर्वस्वी परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावरवर भोसल्यांची सत्ता होती आणि तेथील मोडी दफ्तर आजही अभ्यासकांना उपलब्ध आहे. परंतु येथे निवड त्या कारणाने केलेली नाही. गावापासून थोड्याच अंतरावर, आडुतुरै येथे, १९२२ पासून भात संशोधनाचे केंद्र आहे, आणि त्याच केंद्राच्या एका वाणाने शेतीतील संदेशवहनाचा इतिहास घडविला आहे. १९६० च्या दशकात आलेल्या एडीटी २७ या वाणाचा प्रसार आकाशवाणीच्या तिरुचिरापल्ली केंद्रावरील शेतकरी कार्यक्रमांतून इतका झाला, की तंजावर भागातील शेतकरी त्याला 'रेडिओ भात' म्हणू लागले. वाणाला संदेशाच्या माध्यमाचे नाव मिळावे, हे फार थोड्या पिकांच्या वाट्याला आले असेल.

दुसरे कारण हवामानाचे. मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून. त्यानंतर कुरुवै, मग सांबा आणि ताळडी असे भाताचे हंगाम या प्रदेशात येतात. सांबा भात निसवण्याच्या सुमारास ईशान्य मोसमी पाऊस ऐन भरात असतो. म्हणजे तपकिरी तुडतुड्यांवर लक्ष ठेवण्याची निकड आणि वीज, तारा, मोबाइल मनोरे यांची परवड, दोन्ही एकाच वेळी. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गज चक्रीवादळ वेदारण्यमच्या परिसरात किनाऱ्यावर आले, तेव्हा नागपट्टिणम, तिरुवारूर, तंजावर या जिल्ह्यांत विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले होते. एवढे मोठे संकट दरवर्षी येत नाही, पण त्याची लहान आवृत्ती प्रत्येक नोव्हेंबरात येते. आपल्याकडे कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये, आणि विदर्भात सोयाबीन शेंगांवर असताना, हाच प्रकार घडतो.

आठ पातळ्या

राउटर, स्विच, संगणक यांच्या संदेशांसाठी जी पद्धत जगभर चालते तिला सिसलॉग म्हणतात. १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत एरिक ऑलमन यांनी आपल्या टपाल-प्रणालीसाठी ती तयार केली. पुढे ती इतरांनीही उचलली. २००१ मध्ये तिचे प्रचलित रूप एका दस्तऐवजात लिहून काढण्यात आले आणि २००९ मध्ये तिचे प्रमाणरूप ठरले. जाता जाता नोंदवावेसे वाटते की, आर्थिक नुकसानीच्या पातळीची संकल्पना ज्या लेखातून रूढ झाली तो स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन यांचा १९५९ चा लेखही याच विद्यापीठाचा. पातळी ठरवून मगच हालचाल करावी, हा विचार त्या एकाच संस्थेच्या दोन टोकांना, दोन वेगळ्या गरजांतून उगवला.

सिसलॉगमध्ये शून्यापासून सातपर्यंत आठ पातळ्या आहेत आणि त्यांचा क्रम उलटा आहे : आकडा जितका लहान, तितकी तीव्रता मोठी. ० म्हणजे इमर्जन्सी, यंत्रणा वापरण्याजोगीच राहिली नाही. १ म्हणजे अलर्ट, तत्काळ हालचाल हवी. २ क्रिटिकल, ३ एरर, ४ वॉर्निंग. ५ म्हणजे नोटिस : व्यवहार सुरळीत आहे, तरी लक्षात ठेवण्याजोगे काही घडले. ६ ही केवळ माहिती. ७ ही डीबग पातळी तंत्रज्ञाने दोष शोधताना तात्पुरती उघडावयाची असते; शेतातील राउटरवर ती कायम चालू ठेवल्यास संदेशांचा पूर येतो आणि लहान उपकरणाचा प्रोसेसर त्यातच थकतो.

आपण फोड, ठिपका, प्रादुर्भाव यांना ० ते ९ अशी श्रेणी देतो, तेव्हा वाढता आकडा म्हणजे वाढते नुकसान. येथे नेमके विपरीत असल्याने पहिल्या वाचनात हमखास गल्लत होते. प्रशिक्षणवर्गात हे एकदा फळ्यावर लिहून ठेवलेले बरे.

संदेशाच्या आरंभी कधी कधी कोनी कंसात एक आकडा दिसतो, उदाहरणार्थ १८९. त्यात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. संदेश कोणत्या विभागातून आला त्या विभागाच्या क्रमांकाला ८ ने गुणून त्यात तीव्रता मिळविली की हा आकडा तयार होतो. म्हणून १८९ ला ८ ने भागावे : भागाकार २३, बाकी ५. बाकी हीच तीव्रता. म्हणजे हा नोटिस पातळीचा संदेश. १८७ असता तर बाकी ३ आली असती, म्हणजे एरर.

सिस्को कंपनीच्या राउटरांवर हीच पातळी संदेशाच्या नावातच असते. पडद्यावर ही अक्षरे रोमन लिपीत येतात. येथे ती देवनागरीत उतरविली आहेत. 'लिंक-३-अपडाउन' या नावाचे तीन तुकडे पाहावेत : लिंक हा विभाग, ३ ही तीव्रता, अपडाउन हे घटनेचे संक्षिप्त नाव. त्यापुढे वाक्य येते, 'इंटरफेस फास्टइथरनेट ०/२, स्थिती बदलून डाउन'. या एका ओळीचे वाचन जमले की उरलेल्या नव्वद टक्के ओळी कोशाशिवाय उलगडतात.

पातळी कोणी ठरविली?

येथे मुख्य मुद्दा येतो. संदेशावरचा आकडा आपल्या शेताकडे पाहून दिलेला नसतो. उपकरणाचा कार्यक्रम लिहिणाऱ्याने, आपल्या उपकरणाच्या दृष्टीने, कित्येक वर्षांपूर्वी तो ठरवून ठेवलेला असतो. तो पाठविणाऱ्याचा निर्णय आहे. तो आकडा वाचून काय करावयाचे, हा घेणाऱ्याचा निर्णय आहे, आणि तो राउटर घेऊ शकत नाही.

याचे दाखले पाहण्यासारखे आहेत. वर दिलेला लिंक-३-अपडाउन हा संदेश तार तुटली तरी येतो आणि तार जोडली तरी येतो. दोन्ही वेळी पातळी ३ च. म्हणजे 'जोडणी पूर्ववत झाली' ही शुभवार्ताही एररच्या शिक्क्यासह येते. उलट, संपूर्ण राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला तर येणारा संदेश सिस-५-रीस्टार्ट असतो : केवळ नोटिस. रात्रभर दहा वेळा वीज गेली-आली तरी दहा साध्या नोटिशी. चुकीच्या पासवर्डने कोणी आत शिरण्याचा प्रयत्न केला तर लॉगइन अयशस्वी झाल्याची नोंद ४ या पातळीवर होते. बरोबर पासवर्डने प्रवेश मिळाला तर ५ वर. रात्री दोन वाजता, आपल्यापैकी कोणीही काम करीत नसताना, यशस्वी प्रवेशाची नोंद दिसली, तर माझ्या लेखी ती ५ ची ओळ आदल्या शंभर ४ च्या ओळींपेक्षा गंभीर आहे.

कंपनी बदलली की आकडाही बदलतो. तार निघाल्याची घटना सिस्कोच्या राउटरवर ३ पातळीची. लिनक्सवर आधारित ओपनडब्ल्यूआरटी प्रणाली चालविणाऱ्या स्वस्त राउटरवर तीच घटना नोटिस म्हणून, म्हणजे ५ पातळीवर, नोंदली जाते. दोन तालुक्यांत दोन प्रकारचे राउटर असतील आणि जिल्ह्याच्या कार्यालयाने 'फक्त ० ते ४ पातळीचे संदेश पाठवा' असा नियम केला, तर एका तालुक्यातील प्रत्येक तुटलेली तार दिसेल आणि दुसऱ्या तालुक्यातील एकही दिसणार नाही. कागदावर दुसरा तालुका आदर्श ठरेल.

कीटकशास्त्रात आपण ही चूक टाळावयास शिकलो आहोत. तपकिरी तुडतुड्यांसाठी तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस पाहावी : भक्षक कोळी नसतील तर प्रति फुटवा एक तुडतुडा ही आर्थिक नुकसानीची पातळी, प्रति चूड एक कोळी असेल तर प्रति फुटवा दोन तुडतुडे. किडीचा आकडा एकटा वाचावयाचा नाही, शेजारी कोण आहे ते पाहून वाचावयाचा, हे या शिफारशीचे मर्म आहे. खोडकिड्याच्या बाबतीतही वाढीच्या अवस्थेत १० टक्के गाभेमर सहन होते, तर निसवल्यावर २ टक्के पळींज पुरेशी चिंताजनक ठरते. कारण त्या वेळी पिकाला भरपाईची संधी उरलेली नसते. आणि गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात प्रति सापळा आठ पतंग एका रात्री सापडून भागत नाही, ते सलग तीन रात्री सापडावे लागतात. शेजार, अवस्था, सातत्य. राउटरच्या ओळी वाचताना हीच तीन परिमाणे पातळीच्या आकड्याला जोडावीत : त्या ओळीच्या आगेमागे काय घडले, पिकाच्या आणि किडीच्या कोणत्या अवस्थेत घडले, आणि ते एकदा घडले की पुन्हा पुन्हा.

दोन शून्ये

एक उदाहरण सविस्तर सोडवून पाहू. पुढील आकडे शिकविण्यासाठी रचलेले आहेत, कोणत्याही प्रत्यक्ष सापळ्याचे नाहीत. मात्र संदेशांची रूपे खरी आहेत.

तिरुनीलक्कुडीच्या शिवारात सौर पॅनेल आणि बॅटरीवर चालणारा, कॅमेरा लावलेला एक प्रकाश सापळा आहे, असे समजू. तेथून तार पंपघरातील राउटरच्या दुसऱ्या पोर्टला येते. राउटर विजेवर चालतो आणि मोबाइल नेटवर्कवरून माहिती पुढे धाडतो. सांबा भात निसवण्यावर आला आहे. पोर्टलवर तपकिरी तुडतुड्यांची संख्या अशी दिसते : १९ नोव्हेंबरच्या रात्री ४२, २० ला ६८, २१ ला ०, २२ ला ०, आणि २३ ला एकदम २१५.

केवळ कीटकशास्त्राने या शून्यांची उत्तरे देता येतात. जोराचा पाऊस असेल तर उड्डाण थांबते. पौर्णिमेच्या आसपास चंद्रप्रकाशामुळे सापळ्याची पकड घटते. परंतु समजा, अमावास्या जवळ आहे, आणि पाऊस असला तरी रिमझिमच आहे. अशा वेळी एखादा अहवाल 'प्रादुर्भाव ओसरला' असे लिहून मोकळा होईल. राउटरची रोजकीर्द मात्र अशी आहे :

नोव्हेंबर २१, १२:३२:०७ : लिंक-३-अपडाउन : इंटरफेस फास्टइथरनेट ०/२, स्थिती बदलून डाउन
नोव्हेंबर २१, १२:३२:०८ : लाइनप्रोटो-५-अपडाउन : इंटरफेस फास्टइथरनेट ०/२ वरील लाइन प्रोटोकॉल, स्थिती बदलून डाउन
नोव्हेंबर २२, ००:३५:४१ : लिंक-३-अपडाउन : इंटरफेस फास्टइथरनेट ०/२, स्थिती बदलून अप

दुसऱ्या रात्रीही याच ओळी, मिनिटा-दोन मिनिटांच्या फरकाने.

प्रथम काय नाही ते पाहावे. सिस-५-रीस्टार्ट नाही, म्हणजे राउटरची वीज गेलेली नाही. मोबाइल जोडणी तुटल्याचीही ओळ नाही. दोष पोर्ट क्रमांक २ च्या पलीकडे, सापळ्याच्या बाजूस आहे. आता वेळ. ही घड्याळे जागतिक प्रमाणवेळेवर चालत आहेत, तीत साडेपाच तास मिळवावेत. १२:३२ म्हणजे आपले सायंकाळचे ६ वाजून २ मिनिटे. ००:३५ म्हणजे सकाळचे ६ वाजून ५ मिनिटे. सापळ्याचा दिवा संध्याकाळी ६ ला लागतो आणि सकाळी ६ ला विझतो. म्हणजे दिवा लागताच सापळ्याचे उपकरण बंद पडते आणि दिव्याचा भार उतरताच पुन्हा जागे होते. ढगाळ दिवसांनी बॅटरी पुरती भरलेली नाही, दिव्याचा भार पडला की तिचा दाब खाली येतो, आणि कॅमेरा विझतो. २३ ला ऊन पडले, बॅटरी भरली, आणि २१५ ची नोंद झाली.

तेव्हा ती दोन शून्ये शून्ये नव्हेतच. त्या दोन रात्रींची नोंदच अस्तित्वात नाही. ६८ वरून २१५ ही वाढ तीन रात्रींत झालेली आहे आणि तिचा मधला चढ आपण पाहिलेला नाही. यात पणाला काय लागते? पंख असलेल्या तुडतुड्यांची पहिली मोठी लाट ज्या रात्री उतरते, त्या तारखेवरून आपण पिल्ले कधी बाहेर पडतील आणि बुंध्याशी वाकून मोजणी कधी करावयाची, हे ठरवितो. अंडी साधारण आठवडाभरात उबतात. लाट २१ ला आली असेल आणि आपण ती २३ ला आली असे मानले, तर तपासणी दोन दिवस उशिरा होते. 'प्रादुर्भाव ओसरला' असा सल्ला मध्यंतरी गेला असेल, तर ती होतही नाही. पुढे चकंद्या पडून खाचर जळाल्यासारखे दिसू लागले, की मग फवारणीने फारसे काही हाती लागत नाही.

आणि येथे पातळ्यांकडे पुन्हा पाहावे. या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत 'गंभीर' ओळ ३ ची होती, आणि तशा ओळी राउटर कोणी पोर्टमधून लॅपटॉपची तार काढली तरी लिहितो. आकड्याने काहीच उघड केले नाही. वेळ आणि पुनरावृत्ती यांनी केले.

घड्याळ

वेळेविषयी आणखी दोन गोष्टी आवश्यक आहेत. सिसलॉगच्या जुन्या रूपात वर्ष लिहिलेले नसते आणि कोणत्या प्रमाणवेळेची वेळ आहे तेही नसते. हंगामाहंगामांची तुलना करावयाची असेल तर फाइल साठवतानाच नावात वर्ष घालावे.

दुसरी गोष्ट : बऱ्याच राउटरांत घड्याळासाठी बॅटरी नसते. वीज येताच ते कुठल्यातरी ठरीव तारखेपासून मोजू लागतात आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळाली की दुरुस्त होतात. सिस्कोच्या पुष्कळ उपकरणांत ही ठरीव तारीख १ मार्च असते. लिनक्सवर चालणाऱ्या काही उपकरणांत १ जानेवारी १९७०. ऐन नोव्हेंबरच्या ओळींत मध्येच १ मार्च आढळला तर गोंधळून जाऊ नये. ती राउटर नुकताच उठल्याची आणि अद्याप नेटवर्क न मिळाल्याची खूण आहे. सिस्कोच्या ओळीत वेळेआधी तारांकन असेल तर ते उपकरण स्वतःच सांगत असते की, माझ्या घड्याळावर विश्वास ठेवू नका. टिंब असेल तर घड्याळ पूर्वी जुळलेले होते, आता संपर्क सुटला आहे, असा अर्थ.

तपकिरी तुडतुड्यांचे उड्डाण प्रामुख्याने संधिप्रकाशात होते. म्हणून दुपारी सहा तास नेटवर्क नसणे आणि संध्याकाळी दोन तास सापळा बंद असणे यांत दुसरी गोष्ट कितीतरी महाग पडते. हे राउटरला ठाऊक नाही, आणि त्याच्या पातळ्यांतही कोठे बसत नाही.

न आलेला संदेश

कार्यालयातील सर्व्हरवर राउटरांचे संदेश गोळा करण्याची सोय अलीकडे होऊ लागली आहे. ती चांगली आहे, पण तिच्यात एक अंगभूत उणीव आहे. पारंपरिक सिसलॉग संदेश पोहोचल्याची पावती मागत नाही. पोस्टकार्डासारखा तो टाकून दिला जातो. वाटेत हरवला तर कोणालाही कळत नाही. शिवाय ज्या वाटेने संदेश जावयाचा तीच वाट तुटली असेल, तर 'वाट तुटली' हा संदेश तरी कसा जाणार? सर्वांत मोठा बिघाड हा सर्वांत शांत असतो. चक्रीवादळाच्या रात्री सर्व्हरवर एकही एरर नसेल.

यावर उपाय म्हणजे शांततेलाच संदेश मानणे. काही जुन्या प्रणाली दर वीस मिनिटांनी 'मार्क' एवढीच एक ओळ लिहीत. तिच्यात बातमी काहीच नसे, फक्त मी जिवंत आहे एवढे सांगणे असे. आपल्या सर्व्हरवर अशी नियमित खूण येईल अशी व्यवस्था तंत्रज्ञाकडून करून घ्यावी, आणि ती दोनदा चुकली तर कोणत्याही एररची वाट न पाहता त्या गावच्या शेतकरी-मित्राला दूरध्वनी करावा. रोजकीर्दीची दुसरी प्रत राउटरच्याच स्मरणात ठेवली जाते. वाट जुळल्यावर ती पाहता येते. मात्र ही जागा फार थोडी असते. ती भरली की जुन्या ओळी पुसून नव्या लिहिल्या जातात, आणि डीबग पातळी उघडी राहिली असेल तर काही मिनिटांतच हव्या त्या ओळी गडप होतात.

बंद करून चालू करणे

राउटरवर लाल दिवा दिसला की प्लग काढून पुन्हा लावावयाचा, ही आपल्याकडची सार्वत्रिक उपचारपद्धती आहे. ती बहुधा लागू पडते, हीच तिच्यातील अडचण. बहुतेक लहान राउटरांची रोजकीर्द तात्पुरत्या स्मरणात असते. वीज काढताच ती पुसली जाते. बिघाड दूर होतो आणि बिघाडाचे कारणही त्याच्याबरोबर नाहीसे होते. तीन दिवसांनी तोच बिघाड पुन्हा येतो.

किडीचे नाव न पाहता, पंधरवडा झाला म्हणून फवारणी करणाऱ्याला आपण जे समजावितो तेच येथे समजावावे लागते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके भातावर फवारल्यास कोळी आणि मिरिड ढेकूण मरतात, आणि तुडतुड्यांचा पुनरुद्रेक होतो, हे आपल्या शेतकऱ्यांनी पाहिलेले आहे. प्लग काढण्यापूर्वी रोजकीर्दीचा पडदा मोबाइलवर टिपून ठेवावा. याला दोन मिनिटे लागतात.

टिपलेल्या ओळींतून कारण बहुतेक वेळा वेळापत्रकावरून कळते. रीस्टार्टच्या ओळी रोज ठरावीक तासाला येत असतील तर राउटर शेतीपंपाच्या वीजवाहिनीवर आहे आणि त्या वाहिनीच्या पाळीप्रमाणे तो जागतो-निजतो. जेथे ही पाळी दिवस-रात्र बदलत असते, तेथे हा नमुना तिच्याबरोबर सरकताना दिसेल. पंप सुरू होण्याच्या क्षणी रीस्टार्ट होत असेल तर दाब कोसळतो आहे; लहान बॅटरी-बॅकअपने काम भागते. अप आणि डाउन मिनिटागणिक, अनियमित, आणि पाऊस पडून गेल्यावर अधिक येत असतील, तर तारेच्या टोकाच्या जोडणीत पाणी शिरले आहे. विजांच्या कडकडाटानंतर एकाच पोर्टची ओळ डाउनवर थांबली आणि पुन्हा कधीच अप झाली नाही, तर तो पोर्ट गेला.

महाराष्ट्राला या विषयात स्वतःचा अनुभव आहे. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा जो उद्रेक झाला, त्यानंतर २००९-१० पासून क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प उभा राहिला. शेताशेतांतून निरीक्षणे गोळा करून संगणकावर आणणे आणि त्यावरून मोबाइलवर सल्ला देणे, हे काम त्यात मोठ्या प्रमाणावर झाले. त्या व्यवस्थेत आकडा आणणारा माणूस होता; त्याला विचारता येत असे. स्वयंचलित सापळ्याला विचारावयाचे तर त्याच्या राउटरची भाषा यावी लागते.

माझी सूचना अशी की सर्वेक्षणाच्या तक्त्यात, कीड-संख्येच्या शेजारी, आणखी एक रकाना आखावा : 'सापळा आणि जोडणी चालू होती काय'. तेथे होय असेल तरच शून्य लिहावे. नाही असेल तर संख्येच्या रकान्यात आडवी रेघ मारावी, आणि त्या दिवशी कोणीतरी प्रत्यक्ष खाचरात जाऊन दहा-वीस चुडांचे बुंधे पाहावेत. प्रकाश सापळ्याची संख्या धोक्याची चाहूल देते, फवारणीचा निर्णय मात्र फुटव्यावरील मोजणीवरच व्हावयाचा असतो. हा रकाना भरणाऱ्याने रोज सकाळी आदल्या संध्याकाळच्या ५ ते ९ या वेळेतील राउटरच्या ओळी पाहाव्यात. पातळीची चाळणी ५ वर ठेवावी, म्हणजे ० ते ५ सर्व ओळी दिसतील. ४ वर ठेवल्यास रीस्टार्ट निसटतात, आणि ६ वर ठेवल्यास वाचणारा आठवड्याभरात कंटाळतो. ईशान्य मोसमी पावसाच्या प्रदेशात हे काम ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हावे, आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात; त्याआधी सापळ्याच्या बॅटरीचा दाब दिवा लावून, म्हणजे भाराखाली, एकदा मोजून घ्यावा आणि तारांची टोके कोरडी करून बंदिस्त करावीत.